एक्का-राजा आला की आता धडकीच भरते

"पानं तर भारी आलेली की तुला, मग हरलास कसा?" हे परत कुणी बोललं ना, तर पत्त्यांचा अख्खा कॅट कृष्णेत नेऊन टाकणार आहे मी.

अरे पोकर आहे हे, तीनपत्ती नाही. तिथं पानं हातात आली की विषय संपला, इथं दोन पानं मिळाल्यावर विषय सुरू होतो. टेबलावर सगळ्यांसाठी अजून पाच पानं यायची असतात, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर), आणि प्रत्येक वेळी आधी कोण बोलतंय, म्हणजे चिप्स लावायचं कोण आधी ठरवतंय, सगळ्यांचं बघून मग कोण बोलतंय, सगळा खेळ ह्याच्यावर. स्मॉल ब्लाइंडला, म्हणजे पानं बघायच्या आधीच छोटी सक्तीची बोली टाकायच्या जागी असलं की फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्ही वेळा तोंड आधी आपणच उघडायचं, म्हणजे हळदीच्या सौद्यात आपला आकडा आपणच आधी फोडल्यासारखं.

2025 च्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन गेम बंद झाले आणि तिकडची सगळी शूरवीर मंडळी आमच्या विश्रामबागेतल्या पत्र्याच्या खोलीत येऊन बसली. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स, हरेल त्याच्यावर भडंगाचं बिल. आणि चिप्स फुकटच्या म्हटल्यावर फोल्ड, म्हणजे पानं टाकून देणं, हा शब्दच कुणाला माहीत नाही, काहीही येऊ दे, कॉल, म्हणजे समोरच्याएवढ्या चिप्स टाकून आत!

परवाचंच बघा. ब्लाइंड 5-10 (स्मॉलचे 5, बिगचे 10), दोघं नुसते 10 टाकून आत आलेले, मला स्मॉल ब्लाइंडला एक्का-राजा. पोझिशन वाईट असली, म्हणजे आधी बोलायचं असलं, की रेझ (बोली वाढवणं) मोठा मारायचा असतो, म्हणून सरळ 70 केले. तरी दोघं आलेच, एक आधीच्या दोघांतला आणि एक माझ्या डावीकडचा बिग ब्लाइंडवाला. पॉट, म्हणजे मधली रास, 220. फ्लॉपला नव्वी, अठ्ठी, चव्वी. माझं काहीच लागलं नाही, आणि लागणार तरी कसं, एक्का-राजाला फ्लॉपवर तीनातून साधारण एकदाच जोडी लागते. 110 मारले, दुसरा गेला, डावीकडच्यानं कॉल केला. टर्नला दुर्री. आता करू काय? परत मारलं आणि त्याच्याकडं सेट (तीन सारखी पानं) असला तर गेलोच, चेक केलं, म्हणजे काही न लावता पुढं ढकललं, तर त्याला कळतंय की ह्याच्याकडं काही नाही. चेक केलं. गडी 300 टाकून खुर्चीत मागं रेलला. मी फोल्ड. आणि त्यानं हसत हसत पानं उलटी केली, गुलाम-दश्शी! काहीही जमलेलं नव्हतं भावा, नुसता सिक्वेन्सच्या आशेवर होता. तेच मी त्याच्यानंतर बोलणारा असतो तर टर्नला गुपचूप चेक करून रिव्हर फुकटात बघितली असती की.

वर ज्ञान काय देतात, "आधीच ऑल-इन, सगळ्या चिप्स एकदम टाकून, जायचं." लगा, समोर राण्यांची जोडी असली तर एक्का-राजा साधारण 43 टक्के जिंकतो, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षाही वाईट, त्यापेक्षा घरी झोपलेलं बरं. गुलामांची जोडी तर बोलूच नका, फ्लॉपवर तिच्यापेक्षा मोठं पान यायची शक्यता 57 टक्के, आणि ते आलं की पहिलं बोलायला कोण? मीच.

एकजण म्हणाला बटण (शेवटी बोलणाऱ्याची खूण, दर डावाला एक जागा पुढं जाते) तर फिरतंच की, सगळ्यांना सारखंच. कसलं सारखं? आम्ही सहाजण, तर हा डावीकडचा फ्लॉपपासून पुढं सहापैकी पाच डावांत माझ्यानंतर बोलतो, मी बटणावर असलो तेवढाच एक डाव तो माझ्या आधी. म्हणजे बाकी वेळ मी रेझ करायचा आणि ह्यानं बघून ठरवायचं, असं आयुष्यभर चालायचं.

म्हटलं जागा बदल बाबा. तर म्हणे टेबलफॅनचं वारं इथंच लागतं. सांगलीचा मे महिना, वर पत्रा, कोण उठणार? बरं मग फॅन तरी जरा माझ्याकडं फिरव म्हटलं, तर म्हणतो पत्ते उडतात.