गारगोट्या घासण्याचे घरगुती यंत्र: एका आक्षेपाला उत्तर

सस्नेह नमस्कार.

अकीक आणि गारगोट्या गुळगुळीत करण्यासाठी फिरते पिंप (दगड, पाणी आणि घासण्याची पूड भरून मोटारीने रोलरवर फिरवायचे बंद पिंप) घरी कसे बनवावे, या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपण शाळेत विज्ञान शिकवता, त्यामुळे मुलांच्या हाती भलतेच काही पडू नये ही आपली काळजी मला समजते. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: अकीक म्हणजे जवळपास शुद्ध सिलिका असून तिच्याच धुळीने गुजरातमधल्या खंभातच्या कारागिरांची फुप्फुसे निकामी झाली आणि तीच धूळ मी घराघरांत नेतो आहे, पाणी आणि वीज मी शेजारी-शेजारी ठेवायला सांगतो आहे, बंद पिंप आज ना उद्या फुटणार, आणि ज्याला हौस आहे त्याने तयार यंत्र विकत घ्यावे, कारण ते सुरक्षित असते. म्हणून मी तो लेख काढून टाकावा, असे आपण सुचवले आहे. लेख मी काढणार नाही. मात्र आपल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवे, आणि पहिला मुद्दा तर आपण मांडला आहे त्याहून गंभीर आहे, फक्त तो आपण दाखवता त्या जागी लागू होत नाही.

खंभातचे उदाहरण नीट पाहू या. तिथे रतनपूरच्या खाणींतला अकीक शतकानुशतके घडवला जातो. या कामातला जीवघेणा टप्पा म्हणजे विजेवर फिरणाऱ्या एमरीच्या चाकावर कोरडा दगड धरून त्याला आकार देणे. त्या वेळी धूळ थेट कारागिराच्या नाकासमोर उडते, आणि हे काम बहुधा राहत्या घरातच चालत असल्यामुळे ती घरातल्या बायका-मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्याही श्वासात जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांमधल्या सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराचा, अभ्यास केलेला आहे, आणि त्या आजाराची तीव्रता कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण त्याच खंभातला झिलईचा जुना टप्पा निराळा होता. कातड्याच्या पिशवीत मणी आणि घासण्याची पूड भरायची आणि दोघांनी समोरासमोर बसून ती पिशवी दिवसेंदिवस इकडून तिकडे लोळवायची. पुढे या पिशवीची जागा विजेवर फिरणाऱ्या पिंपांनी घेतली. माझ्या लेखातले यंत्र या पिशवीच्या वंशातले आहे, एमरीच्या चाकाच्या नव्हे. पिंपात दगड बुडतील-न बुडतील इतके पाणी असते, झाकण बंद असते, आणि झिजलेली सिलिका हवेत न उडता गाळ होऊन तळाशी बसते. पिंप फिरत असताना त्याच्या शेजारी बसून चहा प्यायला तरी फुप्फुसांना काही होणार नाही.

मग तो गाळ वाळतो. आपला आक्षेप खरा ठरतो तो इथे. सहा इंची पिंपात दोन-अडीच किलो दगड बसतात आणि पहिल्या, म्हणजे ६०/९० नंबरच्या कार्बोरंडमच्या (घासण्याच्या कठीण पुडीच्या; नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक) टप्प्यात त्यांचे पाव हिश्श्याच्या आसपास वजन सहज झिजते. याचा अर्थ एका घाण्यातून अर्ध्या किलोच्या आगेमागे पिठासारखी सिलिका बाहेर पडते. तिच्यातले जे कण १० मायक्रॉनहून लहान असतात ते फुप्फुसात उतरतात, त्यांतले सर्वांत बारीक कण अगदी खोलवर पोहोचतात, आणि एकदा उडाले की बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. झाकण उघडले की कडेला राखाडी साय धरलेली दिसते. ती तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी तिचे पापुद्रे सुटतात, बोटाने चोळले तर अंगाऱ्यासारखी भुकटी होते, आणि नेमकी हीच भुकटी माणसे फुंकर मारून किंवा झाडूने साफ करतात. म्हणून लेखात मी पिंप उघडल्याबरोबर पाण्याखाली धुवायला सांगितले आहे, आणि काम झाल्यावर ओटा, परात, हातमोजे हे सगळे ओल्या फडक्याने पुसायला सांगितले आहे. गाळ बादलीत बसू द्यावा, वरचे पाणी काढून टाकावे आणि तळाचा ओला लगदा खड्ड्यात पुरावा. तो मोरीत ओतला तर वळणाच्या नळीत सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि मग प्लंबरला बोलावून नळी कापावी लागते. कुंडीत टाकला तर ऊन लागून पुन्हा धूळ होते.

याहून वाईट सवय म्हणजे पिंपात टाकण्याआधी मोठे दगड फोडणे किंवा त्यांचे टोकदार कोपरे अँगल ग्राइंडरवर उडवणे. ग्राइंडर हातात घेतला की आपण खंभातच्या चाकापुढेच बसलो आहोत, असे खुशाल समजावे. हौशी माणसाने हे काम करूच नये. गोदावरीच्या किंवा भीमेच्या पात्रातल्या खड्यांत बोराएवढे, सुपारीएवढे अकीक जसेच्या तसे सापडतात, तेवढे पुरे आहेत. एखादा दगड फोडायचाच असेल तर तो ओल्या गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांना गॉगल आणि नाकाला एन-९५ मास्क लावून, अंगणात फोडावा. साधा कापडी मास्क या धुळीला अडवत नाही. सह्याद्रीच्या कातळात सापडणारे झिओलाइट आणि त्यांच्यासोबत आढळणारी अपोफिलाइटसारखी मऊ खनिजे मात्र पिंपात अजिबात घालू नयेत. स्टिल्बाइट किंवा अपोफिलाइट हे गारगोटीच्या मानाने फार मऊ असल्याने त्यांचा चुरा होतो, आणि सुईसारखे तंतुमय झिओलाइट घासणे प्रकृतीच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही.

आता वीज. पाणी आणि वीज एकत्र आली की शॉक बसणार, ही आपली भीती योग्य आहे, आणि त्यावर उपायही ठाऊक असलेला आहे. पण अशा यंत्रात मला अधिक धास्ती वाटते ती मोटार तापण्याची. चार टप्पे मिळून हे यंत्र जवळपास चार आठवडे, रात्रंदिवस, कोणाचेही लक्ष नसताना चालते, आणि घरात पडून असलेली बहुतेक मोटार या कामासाठी बनवलेली नसते. मिक्सरच्या मोटारीला काही मिनिटे चालवून विश्रांती द्यायची असते आणि तिच्या पाटीवर तसे लिहिलेलेही असते. शिलाई मशीनची मोटार पायाच्या दाबासरशी थांबत-थांबत चालण्यासाठी असते. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची मोटार, जिची यूट्यूबवर फार चलती आहे, ती पंधराएक मिनिटे उलटसुलट फिरून गप्प बसण्यासाठी असते. तिला चोवीस तास राबवले की वेटोळ्यांवरचे इन्सुलेशन हळूहळू भाजत जाते. त्यातच यंत्राचा आवाज दबावा म्हणून कोणी त्यावर गोधडी किंवा थर्माकोलचे खोके घातले, तर पुढे काय होणार ते सांगायला नको. शिवाय या मोटारीचा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही चार्ज धरून राहू शकतो, त्यामुळे 'प्लग काढला आहे, आता हात लावायला हरकत नाही' हा हिशोब तिथे चुकतो.

म्हणूनच मी १२ व्होल्टच्या गिअर मोटारीचा आग्रह धरला आहे. आपण तिला 'खेळण्यातली मोटार' म्हटले आहे, पण दोन-अडीच किलोचे पिंप बेअरिंगवर फिरवायला फार ताकद लागतच नाही. मोटारीला ३० वॅट लागतात असे धरले तरी चार आठवड्यांत सुमारे २० युनिट वीज जाते. २३० व्होल्टचा संबंध फक्त अडॅप्टरपर्यंत येतो, आणि तो अडॅप्टर भिंतीवर, पिंपापासून चार हात दूर आणि उंचावर ठेवता येतो, म्हणजे गळती झालीच तरी गाळाचे पाणी तिथे पोहोचत नाही. अडॅप्टर मात्र नावाजलेल्या बनावटीचा घ्यावा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत अगदी स्वस्तात मिळणारा हलका अडॅप्टर या कामाचा नाही. मोटारीच्या अंगाला चिकटवायचा छोटा थर्मल स्विच तारेत जोडला की ठरावीक तापमानाच्या वर मोटार आपोआप बंद पडते. हाताने अंदाज घ्यायचा तर यंत्र तासभर चालल्यावर मोटारीवर तळहात ठेवून पाहावा. पाच सेकंदही ठेवता येत नसेल तर ती मोटार रात्री एकटी सोडू नये.

आपण लिहिले आहे की घरात एमसीबी असल्याने शॉकचा धोका नाही असे लोक समजतात. हे लोक समजतात खरे, आणि म्हणूनच लेखात मी आरसीसीबीवर एक अख्खा परिच्छेद खर्च केला आहे. एमसीबी काही अँपिअरचा जादा प्रवाह वाहू लागला की तार वाचवण्यासाठी पडतो. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा प्रवाह पुरतो आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळती ओळखून क्षणार्धात पडतो. जुन्या वाड्यांत आणि अनेक चाळींत तो नसतो, तिथे आणि अर्थिंगची खात्री नसेल तिथे, २३० व्होल्टची मोटार या यंत्राला लावूच नये, हे माझे मत मी इथे पुन्हा ठामपणे सांगतो.

पिंप फुटण्याविषयी थोडक्यात. आत वायू होतो, हे खरे आहे. दगडाला चिकटलेला कॅल्साइट आम्लाच्या संपर्कात आला, किंवा ॲल्युमिनियमचा डबा वापरून त्यात धुण्याचा सोडा पडला, तर झाकण फुगते. दुसऱ्या बाबतीत निघणारा वायू हायड्रोजन असतो. म्हणून धातूचा डबा नको आणि काचेची बरणी तर स्वप्नातही नको. मी १६० मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप, आतून ट्रकच्या ट्यूबचे रबर आणि दाबून बसणारे रबर-रिंगचे झाकण सुचवले आहे ते याचसाठी, की दाब वाढला तर झाकण निसटते आणि फार तर फरशी खराब होते. सोल्युशनने कायमचे चिकटवलेले किंवा आट्यांचे घट्ट झाकण लावले तर मात्र आपण म्हणता तो धोका उरतोच. पहिल्या टप्प्यात रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा.

वेगाचे गणित 'सामान्य वाचकाला घाबरवणारे' आहे, असेही आपण म्हणता. गणित एकाच ओळीचे आहे: ४२.३ या आकड्याला पिंपाच्या आतल्या व्यासाच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाने भागले की दर मिनिटाला किती फेऱ्यांना दगड भिंतीला चिकटून नुसतेच गरगरतील ते कळते. १५ सेंटिमीटरच्या पिंपासाठी हा आकडा १०९ येतो. आपल्याला त्याच्या निम्म्याच्या आत, पंचेचाळीस-पन्नास फेऱ्यांवर राहायचे आहे. त्याहून जोरात फिरवले तर दगड घसरण्याऐवजी उंचावरून आपटतात, त्यांच्या धारदार चिपा निघतात आणि पिंप रोलरवरून उडी मारते. पिंप दोन-तृतीयांशाहून कमी भरले तरी असेच घडते.

आपल्या प्रतिक्रियेत एक धोका आलेलाच नाही, आणि माझ्या मते घरात लहान मूल असेल तर पहिला क्रमांक त्याचाच लागतो. रोलर आणि पिंप जिथे एकमेकांना टेकतात, तिथे बोट, ओढणी, पदर, मोकळे केस, काहीही ओढले जाऊ शकते. कमी ताकदीची मोटारसुद्धा बोट चेंगरते. पट्टा आणि पुल्या जाळीच्या पेटीत बंद असल्याच पाहिजेत. त्यात आपल्याकडे भर पडते ती वीज जाण्या-येण्याची: वीज गेली म्हणून यंत्र थांबते, 'जरा पट्टा बघू' म्हणून कोणी हात घालतो आणि तेवढ्यात वीज येते. शेतातल्या पंपाचा स्टार्टर वीज गेल्यावर आपोआप सुटतो आणि हिरवे बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही, तशीच सोय इथे एका साध्या १२ व्होल्टच्या रिलेने करता येते. (पंपाला ऑटो स्विच बसवून ती सोय घालवणारेही आपल्याकडे कमी नाहीत, पण तो वेगळा विषय.)

राहिला तयार यंत्राचा मुद्दा. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे. पण 'तयार म्हणजे सुरक्षित' हे विधान जसेच्या तसे मला मान्य नाही. आपल्याकडच्या हौशी लोकांजवळची बरीच यंत्रे अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली असतात आणि ती तिथल्या ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेली असतात. आपण कन्व्हर्टर लावून व्होल्ट उतरवतो, पण साधा कन्व्हर्टर हर्ट्झ बदलत नाही. ५० हर्ट्झवर ती छोटी मोटार सहाव्या हिश्श्याने सावकाश फिरते आणि नेहमीपेक्षा जास्त तापते, आणि खोक्यावर नामांकित कंपनीचे नाव असल्यामुळे तिच्याकडे कोणी लक्षही देत नाही. असे यंत्र घरी असेल तर पाटीवरचे आकडे आधी वाचावेत. पाटीवर २२०-२४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असे दोन्ही लिहिलेले असेल तरच ते थेट लावावे.

शाळेसाठी हे यंत्र करता येईल का, असा प्रश्न आपण थोडा उपरोधाने विचारला आहे, पण त्याचे उत्तर होकारार्थी आहे. यंत्र १२ व्होल्टचेच असावे, पट्ट्यावर जाळी असावी, ते प्रयोगशाळेत नव्हे तर व्हरांड्यात ठेवावे आणि सुट्टीच्या दिवशी बंद करावे. काम त्याने लांबते, बिघडत नाही. दगड निवडणे, त्यांचा कठीणपणा खिळ्याने आणि काचेने तपासणे, प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर वजन करून झीज काढणे, ही कामे आठवी-नववीची मुले उत्तम करतात. पिंप उघडणे, गाळ काढणे आणि पूड बदलणे ही कामे मात्र मोठ्या माणसानेच, नळाखाली, हातमोजे घालून करावीत, आणि ओले दगड पुढच्या टप्प्यासाठी मुलांच्या हाती देण्याआधी दोनदा धुवावेत, कारण ६० नंबरचा एखादा कण ५०० नंबरच्या टप्प्यात शिरला तर सगळा घाणा ओरखड्यांनी खराब होतो.