पेनड्राइव्ह दरवेळी ‘एसडीबी’च असतो, हे खरं नाही

बूटेबल पेनड्राइव्हची, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर सुरू करून लिनक्स लावता येतं अशा पेनड्राइव्हची, एक कृती वर्षानुवर्षं हातोहात फिरते आहे. लिनक्सने दिलेल्या नावांत हार्डडिस्क म्हणजे एसडीए (sda), पेनड्राइव्ह म्हणजे एसडीबी (sdb). सुडो (sudo, पूर्ण अधिकार देणारी कमांड) लावून डीडीला (dd, डिस्कवर थेट लिहिणारी कमांड) ते नाव द्या. नाव चुकलंच तर लिनक्स अडवेल. आणि पेनड्राइव्हवर फाईली कॉपी झाल्या की तो सरळ उपटा, अनमाउंटची (आधी सिस्टीमपासून रीतसर सोडवण्याची) गरज आता राहिलेली नाही. ही कृती बहुतेक वेळा पहिल्यांदाच लिनक्स लावणाऱ्याच्या हाती पडते आणि त्याचाच डेटा जातो, म्हणून एकेक दावा तपासून सांगतो.

आधी नावाचं बघू. ‘एसडी’ हे स्कझी (SCSI, डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) डिस्क ड्रायव्हरवरून आलेलं नाव. साटा (SATA) जोडणीची आतली डिस्क आणि यूएसबी पेनड्राइव्ह दोन्ही कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, त्याच थरातून येतात, त्यामुळे अक्षरंही एकाच रांगेतून मिळतात. जो आधी सापडला त्याला आधीचं अक्षर. लॅपटॉपला फोटोंची एक्स्टर्नल हार्डडिस्क आधीच लावलेली असेल, तर एसडीबी ती होते आणि पेनड्राइव्ह एसडीसी. कृती जशीच्या तशी चालवली की फोटो गेले. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतली डिस्क एनव्हीएमई (NVMe, वेगळ्या जोडणीची) असते. तिचं नाव एनव्हीएमई०एन१ (nvme0n1), ती या रांगेत नसतेच, म्हणून तिथे पहिला पेनड्राइव्ह एसडीए होतो. यूएसबी कार्ड रीडर तर कार्ड नसतानाही अक्षर अडवून बसतो. माउंट असलेला पेनड्राइव्ह तसाच ओढून काढून पुन्हा लावला, तर जुनं अक्षर अजून सुटलेलं नसल्यामुळे त्याला बहुधा पुढचं मिळतं. मॅकवरचे डिस्क२, डिस्क३ हे आकडेही असेच बदलतात.

‘लिनक्स अडवेल’ हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. त्यात खरं आहे ते एवढंच: एसडीबी ही डेव्ह (/dev) फोल्डरमधली डिव्हाइस फाईल असते, ती रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) मालकीची असते, साध्या युजरला तिच्यावर लिहिता येत नाही. पण कृतीची सुरुवातच सुडोने होते, म्हणजे तेवढा एक अडसर आपणच काढून ठेवतो. त्या फाईलमध्ये डेटा नसतो, फक्त दोन क्रमांक असतात: मेजर आणि मायनर. एसडीबीचे ८ आणि १६, तिच्या पहिल्या पार्टिशनचे (डिस्कच्या पाडलेल्या भागाचे) ८ आणि १७. कर्नल हे क्रमांक बघून लिहिलेलं त्या डिस्ककडे पाठवतो; डिस्क कोणाची, तिच्यावर काय आहे, हे डीडी विचारत नाही. पार्टिशन टेबल, म्हणजे या भागांची यादी, डिस्कच्या सुरुवातीलाच असतं, त्यामुळे पहिल्याच क्षणी कंट्रोल-सी दाबलं तरी उशीर झालेला असतो.

आणि एसडीबी नावाचं काही नसेलच तर? तरीही एरर येईलच असं नाही. डीडी डेव्ह फोल्डरमध्ये त्या नावाची साधी फाईल तयार करतो. ते फोल्डर रॅममध्ये असतं. काही सिस्टीमवर लगेच जागा संपल्याचा एरर येतो, काहींवर काम झटक्यात ‘पूर्ण’ होतं आणि पेनड्राइव्हला हातही लागलेला नसतो. मग पेनड्राइव्हच खराब आहे असं समजून माणूस नवा आणतो.

अनमाउंटबद्दल थोडक्यात. विंडोज १० मध्ये २०१८च्या ऑक्टोबर अपडेटपासून ‘क्विक रिमूव्हल’ (पेनड्राइव्ह सरळ काढता येईल अशी सेटिंग) डिफॉल्ट झालं, हे खरं. ते लिनक्सला लागू नाही. इथे कॉपी संपल्याचं दिसलं तरी डेटा रॅममध्ये असू शकतो. कर्नलच्या मूळ सेटिंगनुसार तो ३० सेकंद जुना होईपर्यंत थांबू शकतो. अनमाउंट केलं की तो आधी पेनड्राइव्हवर उतरतो.

मग करायचं काय? पेनड्राइव्ह लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा एलएसबीएलके (lsblk, डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवा. नवी आलेली ओळ तुमची. तिचा आकारही जुळतो का ते बघा. त्याहून भरवशाचं म्हणजे डेव्हमधल्या डिस्क फोल्डरातलं बाय-आयडी (/dev/disk/by-id). तिथे यूडेव्ह (udev, डिव्हाइसची नावं सांभाळणारा प्रोग्राम) प्रत्येक डिस्कसाठी कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर असलेली लिंक ठेवतो. अक्षर बदललं तरी हे नाव तेच राहतं. शेवटी ‘पार्ट१’ असलेली लिंक पार्टिशनची असते. आयएसओ (लिनक्स लावण्यासाठी डाउनलोड केलेली फाईल) पूर्ण डिस्कवर लिहायची, म्हणून ‘पार्ट’ नसलेली घ्या. इथे यूयूआयडी (UUID, ओळख क्रमांक) वापरू नका, कारण तो फाईल सिस्टीमचा असतो आणि आयएसओ लिहिली की बदलतो.