ट्रेलरचं नाक, ट्रकचा हौदा आणि दाजींचा शनिवार

गुरुवारी रात्री अकराला टेक्सासहून ताईचा फोन आला. "अगं, हे शनिवारी ट्रेलरखाली शिरून अ‍ॅक्सल उलटा करणार आहेत. वेल्डिंग येणारा कुणी मित्र येतोय. ग्रुपवर आलंय म्हणे." मागून दाजींचा आवाज, "तिला सांग, काही होत नाही!"

दाजींनी निवृत्तीनंतर सेकंडहँड फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे ट्रकमागं ओढायचं फिरतं घर, घेतलाय. बिग बेंडपासून यलोस्टोनपर्यंत हिंडायचा बेत आहे. पिकअप ट्रक आधीपासून दारात होता, 'पाऊणटनी' म्हणतात त्या वर्गातला, फोर बाय फोर, धिप्पाड. जोडून पाहिलं तर ट्रेलरचं नाक आभाळात आणि शेपूट रस्त्याला टेकेल अशी. दाजी अस्वस्थ झाले आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी तो मेसेज पाठवला.

मेसेज मी तोवर तीन मराठी ग्रुपांवर पाहिला होता आणि तिन्ही वेळा पुढं सरकवून दिला होता. मथळा असा: "फिफ्थ व्हील घेताय? डीलर हे कधीच सांगणार नाही!" आत सहा मुद्दे आहेत. ट्रकच्या हौद्याच्या काठाची उंची बघत बसू नका, हिच (ट्रेलर अडकवायची जोडणी) वरखाली करून कुठलाही ट्रेलर जुळतो. काठ आणि ट्रेलर यांच्यात दोन इंच फट भरपूर झाली, सहा इंच हा भित्र्यांचा नियम. नाक वर असलं तर चांगलंच, ट्रकवरचा भार हलका होतो. तरी खुपत असेल तर अ‍ॅक्सल उलटा करून लावा, एका दुपारचं काम. टेलगेट (हौद्याची मागची फळी) काढून टाका, सहा इंच आयते मिळतात. आणि ट्रक मागून बसत असेल तर एअरबॅगा (स्प्रिंगांत बसवायचे हवेचे फुगे) लावा, पेलोड (ट्रकवर टाकता येणारा भार) हजार पाउंडांनी वाढतो.

घरातल्या माणसापर्यंत आलं म्हणून आता लिहिते आहे.

ज्यांनी हे धूड पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकतो. फिफ्थ व्हील मात्र पिकअपच्या हौद्यातच येऊन बसतं. हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढं हिच असते, तिच्या जबड्यात ट्रेलरची दोन इंच जाडीची किंगपिन अडकते आणि ट्रेलरचा पुढचा भाग माळ्यासारखा हौद्यावर तरंगतो. व्हिडिओवर हे बघून आईनं विचारलं होतं, "पाचवं चाक कुठाय गं?" चाक नाहीच. जुन्या घोडागाड्यांच्या पुढच्या आसावर वळण्यासाठी एक आडवं कडं असायचं, त्याचं नाव इकडं चिकटलं.

आता पहिला मुद्दा. सगळा घोळ तिथंच आहे. काठ आणि ट्रेलरचं पोट यांच्यातली फट कशानं ठरते? हिचचा जबडा काठापेक्षा किती वर आहे आणि पिन ट्रेलरच्या पोटाखाली किती लोंबते, एवढ्यानंच. ट्रक उंच असो की बुटका, सपाट जागी फट जवळपास तीच राहते. ट्रक उंच असला की तेवढ्याच फटीसकट ट्रेलरचं नाक वर जातं, इतकंच. नाक खाली आणायला हिच खाली घेतली की फट मेली. फट वाढवली की नाक पुन्हा वर. हिचला आणि पिनबॉक्सला (ट्रेलरची पिन धरणारी पेटी) उंची बदलायची भोकं असतात हे खरं, पण ती भोकं या दोघांत देवाणघेवाण करतात, पदरचं काही घालत नाहीत. दोन्ही एकदम हवं असेल तर ट्रेलर चाकांपाशी उचलावा लागतो किंवा ट्रक बुटका घ्यावा लागतो. जुन्या ट्रकांना हा त्रास कमी होता. हल्लीच्या पाऊणटनी फोर बाय फोरचे काठ जमिनीपासून साठ इंचांच्या आसपास येतात, आणि जुना ट्रेलर त्या उंचीसाठी बनलेलाच नसतो.

दोन इंचांच्या फटीवर मात्र मला थांबायचंय, कारण यात पैसे आमचे गेलेत.

आमच्याकडंही असाच ट्रेलर आहे, त्याची फट चार इंच होती. सपाट पार्किंगमध्ये ती ऐसपैस वाटायची. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, बूनच्या अलीकडं, एका गॅस स्टेशनमधून बाहेर पडताना ट्रक रस्त्यावर आला आणि ट्रेलरची एका बाजूची चाकं अजून उंचवट्यावर होती. पत्र्याच्या पेटीवर कुणी गुडघा टेकवावा तसा आवाज आला. उतरून पाहिलं तर हौद्याचा डावा काठ आत दबलेला, ट्रेलरच्या कोपऱ्याची पट्टी उचकटलेली. नवरा पाच मिनिटं काही बोलला नाही. हेच काय ते समाधान.

घरी येऊन कागदावर मांडलं. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंच्या चाकांत साधारण ७२ इंचांचं अंतर धरा. एका बाजूची चाकं १० इंच वर चढली आणि ट्रक सपाट असला, तर ट्रेलर आठेक अंशांनी कलतो. हौद्याचा काठ मधल्या रेषेपासून सुमारे ४० इंचांवर. तेवढ्या कलानं काठापाशी साडेपाच इंच जातात. स्प्रिंगा थोडं पोटात घेतात, पण हिशोब लक्षात आला असेल: सहा इंच हा आकडा कुणा भित्र्यानं काढलेला नाही, बऱ्यापैकी खराब वळणाची ती किंमत आहे. साडेपाच-सहा इंच कमीत कमी, आणि कच्च्या रस्त्यानं कॅम्पवर जायचं असेल तर आणखी. हे झालं आडव्या कलाचं. ट्रक चढ ओलांडून उताराला लागला आणि ट्रेलर अजून मागं असला तर हौद्याची मागची कड वर येते. ट्रकचं नाक खाली, शेपूट वर. तिथंही दोन इंच म्हणजे काहीच नाही.

मेसेज लिहिणाऱ्यानं आपला ट्रेलर बहुधा मॉलच्या पार्किंगमधून कधी बाहेर काढलेला नाही.

त्याहून भयंकर अ‍ॅक्सलचा मुद्दा, ज्यासाठी ताईनं फोन केला. "अ‍ॅक्सल फ्लिप" हा शब्दच फसवा आहे. त्यात अ‍ॅक्सल उलटा करायचा नसतो! काही ट्रेलरांत कमानपाटे अ‍ॅक्सलच्या खालून गेलेले असतात. तेच पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतले की ट्रेलर नळीच्या आणि पाट्यांच्या जाडीप्रमाणं साधारण चार ते सहा इंच उचलला जातो. त्यासाठी नळीच्या वरच्या अंगाला पाट्यांची नवी बैठक वेल्ड करतात, अ‍ॅक्सल आहे तसाच सुलटा राहतो. का, तर ट्रेलरचा अ‍ॅक्सल सरळ दांडा नसतो. त्याला मधे वरच्या बाजूला हलका बाक दिलेला असतो. भार पडला की बाक सपाट होतो आणि चाकं रस्त्यावर उभी बसतात. मेसेजप्रमाणं उलटा केलात की बाक खाली गेला. वरून भार पडल्यावर तो आणखी खाली जाणार, चाकं फेंगडी होणार आणि टायर आतल्या कडेनं खाऊन निघणार. फोर्ट स्टॉकटनच्या पुढं, ऑगस्टच्या उन्हात, सत्तरच्या वेगाला असा टायर फुटला तर काय, हे मी ताईला सांगितलेलं नाही. तिला झोप हवी.

आणि दाजी, आधी खाली वाकून पाहिलंत का? बऱ्याच फिफ्थ व्हीलांत पाटे कारखान्यातूनच अ‍ॅक्सलच्या वर असतात. तसं असेल तर उलटसुलट करायला काही उरलेलंच नाही. पाटेच दिसत नसतील, नुसता चौकोनी नळीचा रबरी टॉर्शन अ‍ॅक्सल असेल, तर फ्लिप हा शब्द विसरा. तिथं चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामधे उंचवटे बसवतात, तेही जाणत्या हातानं.

नीट केलेल्या उचलण्याला माझा विरोध नाही. आमचाही ट्रेलर शेवटी उचलूनच घेतला. पण उचलल्यावर गुरुत्वमध्य वर जातो, दाराची पायरी वर जाते (ताईचा गुडघा लक्षात आहे ना?) आणि अ‍ॅक्सलवरचं छप्परही तेवढंच वर जातं. टेक्सासात १४ फूट उंची चालते, आमच्या नॉर्थ कॅरोलायनात १३ फूट ६ इंच. डरहॅमला ग्रेगसन स्ट्रीटवर एक रेल्वेपूल आहे, ११ फूट ८ इंच उंचीचा म्हणून जगभर कुप्रसिद्ध झालेला. २०१९ मध्ये तो ८ इंच उचलला, आता १२ फूट ४ इंच आहे, तरी गाड्यांची टपरं तिथं अजून सोलून निघतात. त्यातल्या प्रत्येकाला आपल्या गाडीची उंची अंदाजे ठाऊक असेल.

नाक वर असलेलं चांगलं, हा तिसरा मुद्दा. इथं थोडं नमतं घेते. इंच-दोन इंचांनी आभाळ कोसळत नाही. पिनपासून चाकांपर्यंत वीस फूट आणि दोन अ‍ॅक्सलांत पस्तीस इंच धरले, तर पिन दोन इंच वर गेल्यावर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या उंचीत जेमतेम पाव इंचाचा फरक पडतो. कमानपाट्यांच्या मधे जी सीसॉसारखी डोलणारी दांडी असते ती एवढं वाटून घेते. म्हणून फट आणि पातळी यांत निवडायची वेळ आली तर फट आधी, हे मीसुद्धा सांगीन. पण सहा इंच नाक वर म्हणजे जवळजवळ इंचभर फरक, आणि टॉर्शन अ‍ॅक्सलला ती दांडीच नसते. तिथं मागची चाकं जास्तीचा भार मुकाट्यानं वाहतात. "ट्रकवरचा भार हलका होतो" हे तर वाचून मला सांगलीचा उसाचा हंगाम आठवला. बैलगाडीत मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. बैल हलका झाला म्हणून कुणी टाळ्या वाजवताना मी पाहिलं नाही. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग पिनवर असतो, त्यामुळं ते असं उलाळ होत नाही, पण पिनवरचं वजन हीच त्याची स्थिर चालण्याची शिदोरी आहे.

टेलगेट. ट्रेलर जोडताना ते पाडावं लागतं, विसरलात तर पिनबॉक्स त्याचा चेंदा करतो, एवढं खरं. काढून टाकल्यानं बाजूचे काठ खाली जात नाहीत. पुढं.

एअरबॅगा. हा मुद्दा वाचून मी मोबाइल उपडा ठेवला. ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल असतं, ते लावणं उत्पादकाला संघराज्याच्या नियमावलीच्या ४९ व्या शीर्षकातल्या ५६७ व्या भागानं बंधनकारक केलंय. भारासकट गाडीचं कमाल वजन आणि प्रत्येक अ‍ॅक्सलची मर्यादा त्यावर छापलेली असते. शेजारच्या पिवळ्या पट्टीच्या चिठ्ठीवर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड, तेही. हे आकडे ट्रक बनवणाऱ्यानं ठरवलेले. चासी, अ‍ॅक्सल, ब्रेक, चाकं, टायर सगळं धरून. तुम्ही मागच्या स्प्रिंगांत दोन फुगे घातलेत म्हणून यातलं काहीही मजबूत होत नाही. फुगे विकणारेही आपल्या पत्रकात हेच छापतात. दाजींच्या चिठ्ठीवर २,१८० पाउंड आहेत, ताईला फोटो काढायला लावला. ट्रेलर भरल्यावर १२,००० धरा, पिनवर २० टक्के म्हणजे २,४००. ट्रकमध्ये अजून दाजी बसलेले नाहीत, ताई नाही, हिचचं स्वतःचं वजन नाही, लोणच्याच्या बरण्या नाहीत.

आणि गंमत अशी की दाजींची मूळ तक्रार नाक वर असल्याची. भरल्यावर ट्रक मागून बसतो, त्यानं नाक थोडं खालीच येतं. एअरबॅगा फुगवून ते पुन्हा वर ढकलायचं, आणि मग ते खाली आणायला अ‍ॅक्सल उलटा करायचा!

डीलरबद्दल मात्र मेसेजवाला अगदीच चुकीचा नाही. आमच्या डीलरनं पिनबॉक्स हाताला आला त्या भोकांत कसला होता आणि काठाची उंची टेपनं मोजलीही नव्हती. म्हणून हे काम आपणच करायचं.

तेव्हा दाजी, शनिवारी वेल्डिंगवाल्याला पोहे खाऊ घाला आणि परत पाठवा. सपाट जागा शोधा. ट्रेलर सुटा करून चासीला लेव्हल लावून समतल करा, मग त्याच्या माळ्याच्या पोटापर्यंतची उंची जमिनीपासून मोजा. हा पहिला आकडा. ट्रकच्या काठाची उंची रिकाम्या हौद्यानं, हा दुसरा. ट्रेलर जोडून, पाण्याच्या टाकीसकट भरून पुन्हा काठाची उंची, हा तिसरा. ट्रक किती बसतो ते यातून कळेल. पहिल्यातून तिसरा वजा करून सहा राहिले तर अ‍ॅक्सलला हातही लावायचा नाही, हिच आणि पिनबॉक्सची भोकं पुरतील. तीन राहिले तर उचलायचं किती ते बोलू, पण त्याआधी तो भरलेला ट्रेलर जोडूनच ट्रक वजनकाट्यावर न्या. हायवेवरच्या ट्रक स्टॉपांवर काटे असतात. ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलचं वजन दाराच्या लेबलाशी ताडून बघायचं, हा चौथा आकडा. त्या पावतीचा फोटो पाठवा. तोंडी सांगू नका, ताई फोनवर असते.