स्कायवॉक रस्त्याला चिकटवू नका

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाद पेटला तो नानाच्या एका प्रश्नावरून. "फोनमध्ये आयता नकाशा असताना ओपनस्ट्रीटमॅपसाठी, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेल्या त्या खुल्या नकाशासाठी, फुकट राबायचं कशाला?"

"तो आयता नकाशा बघण्यापुरता आहे रे," बंड्या म्हणाला. "त्यातून वॉर्डातली सगळी सार्वजनिक शौचालयं एका फाइलीत काढून दाखव. इथे ओव्हरपास टर्बो या वेबसाइटवर हद्द निवडायची, 'अमेनिटी=टॉयलेट्स' ही नोंदीची खूण विचारायची, नोंदलेले सगळे बिंदू हातात. 2012 पासून परवाना ओडीबीएल, म्हणजे खुल्या डेटाचा आहे. कोणीही वापरा, धंदा करा, फक्त श्रेय द्या. आणि डेटात भर घालून तो वाटलात, तर तोही याच अटींवर खुला ठेवा."

"नोंदलेले असतील तर ना!" शुभाताईंनी बरोबर पकडलं. "वस्त्यांच्या जागी नुसता करडा पट्टा दिसतो."

ते खरंच आहे. उपग्रहाच्या चित्रात पत्रे आणि निळी ताडपत्री दिसते, खालची गल्ली दिसत नाही. फोनच्या जीपीएसवरही तिथे भरवसा ठेवता येत नाही. मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटरची चूक होते, पण दोन्ही बाजूंना दुमजली घरं असली की बिंदू शेजारच्या ओळीत उडी मारतो. म्हणून बंड्याचा आग्रह कागदाचा. गल्लीबोळ मोठे दिसतील असा छापील नकाशा घ्यायचा. देवळाचा कळस, पाण्याची टाकी अशी चित्रात ओळखू येणारी खूण धरायची आणि तिथून पावलं मोजत निघायचं. आधी टेपने 30 मीटर आखून आपली किती पावलं होतात ते पाहून ठेवायचं. नोंदीत गल्लीला 'हायवे=फुटवे' (इथे 'हायवे' म्हणजे कुठलीही वाट), रुंदी मीटरमध्ये, वर छप्पर असेल तर 'कव्हर्ड=येस', पायऱ्या वेगळ्या रेषेने 'स्टेप्स'. बंब कुठवर जाईल हे त्या रुंदीवरून कळतं.

"आणि सगळ्यात जास्त घोळ जोडणीत होतो," तो सांगत होता. "गल्लीची रेघ रस्त्याला टेकलेली दिसते, पण दोघांत सामाईक बिंदू नसतो. मग वाट शोधणारं अ‍ॅप तिथून जायलाच तयार होत नाही. स्कायवॉकचं उलटं. तो रस्त्यावरून आडवा जातो तिथे सामाईक बिंदू पडला, तर अ‍ॅप माणसाला पुलावरून थेट रस्त्यात उतरवतं. तिथे 'ब्रिज=येस' आणि 'लेयर=1', म्हणजे रस्त्याच्या वरचा थर, असं द्यायचं आणि जोडणी फक्त जिन्याच्या पायथ्याशी."

टॉवरचाही घोळ होतो. उपग्रहाच्या चित्रात ते एका बाजूला कललेले असतात. गच्चीची बाह्यरेषा काढून ती आख्खी पायथ्यावर ओढायची, नाहीतर इमारत शेजारच्या रस्त्यावर जाऊन बसते.

नाना म्हणाला, "मग नावं तरी गूगलवरून बघून टाका."

"अजिबात नाही. तो डेटा त्यांच्या मालकीचा. उतरवलेलं सापडलं की पुसलं जातं. नाव पाटीवरचं घ्यायचं, नाहीतर तिथल्या माणसाला विचारायचं. प्रभादेवी स्टेशनचं नाव 2018 मध्ये बदललं, तरी एल्फिन्स्टन रोड 'ओल्ड नेम'मध्ये ठेवायचं. लोक अजून तेच शोधतात."

यानंतर ताईंनी काढलेली शंका मला सगळ्यांत वजनाची वाटते. "वस्तीची गल्लीन् गल्ली चव्हाट्यावर मांडलीत, तर उद्या पाडकामवाला तोच नकाशा हातात घेऊन येईल."

"पाडणाऱ्याला ड्रोन उडवून नकाशा करून घेता येतो, ताई. तिथे राहणाऱ्यांकडे तो नसतो. नळ कुठे, संडास किती, रुग्णवाहिका कुठे अडते हे दाखवता आलं, तर वॉर्ड ऑफिसात मागणी नेमकी मांडता येते."

"तरी वस्तीला विचारल्याशिवाय नाही."

हे बंड्याने लगेच मान्य केलं. काय दाखवायचं ते राहणाऱ्यांनी ठरवायचं, आणि घरमालकाचं, भाडेकरूचं नाव नोंदीत कधीच घालायचं नाही. मला विचाराल तर पहिल्या फेरीत नळ, शौचालयं, दवाखाना आणि वाटा एवढंच घ्यावं. दुकानं मागून. ती बदलत राहतात, आणि टाकलीच तर 'चेक डेट', म्हणजे शेवटची खातरजमा केल्याची तारीख लिहावी, म्हणजे पुढच्याला नोंद किती जुनी ते कळतं.

नानाचा सूर आता बदलला होता. "पाणी तुंबतं त्या रस्त्यांना काही खूण आहे का रे? दादरजवळची हिंदमाता आधी टाकू."

"आहे, 'फ्लड प्रोन=येस'. पण एका दिवसाच्या पावसावरून नाही, नेहमी तुंबणाऱ्या जागेलाच."

"हिंदमाता नेहमीचीच की!"

"होती," ताई म्हणाल्या. "आता तिथल्या पाण्यासाठी भूमिगत टाक्या बांधल्यात. मोठ्या पावसात भरतीच्या वेळी स्वतः जाऊन बघ, मग टाक."