घोड्याचं काय झालं?

निकालाची यादी काल संध्याकाळी ग्रुपवर आली. माझ्या नावापुढे वेळेच्या रकान्यात 'डीएनएफ' लिहिलंय. म्हणजे या गृहस्थाने शर्यत पूर्ण केली नाही. अहो, केली की! ज्या कमानीखालून निघालो, त्याच कमानीपाशी स्वतःच्या पायांनी परत आलो. तोवर दोन पोरांनी तिच्यातली हवा काढून तिची घडी घालायला घेतली होती, त्याला मी काय करणार? घडी ओलांडून गेलो. यादी सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी पाहिली आहे, कारण मेहुणा तीच यादी स्वतःच्या नंबराभोवती लाल गोल काढून सगळीकडे फिरवतो आहे.

हे सगळं त्याचंच कारस्थान. मी नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी चालणारा, आणि ओळखीचं कुणी समोरून आलं तर तेवढ्यापुरता पळणारा माणूस. "दाजी, रोडवर काय, कुणीही पळतं. ट्रेल करा, ट्रेल!" म्हणजे डोंगरातल्या पायवाटांनी पळायचं. असं म्हणून त्याने माझं नाव भरलं आणि फीचे अठराशे रुपये माझ्याकडून घेतले. त्र्यंबक रोडच्या डोंगरात आम्ही जन्मभर फुकट हिंडलो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. लहान फेरी वीस किलोमीटर, मोठी त्याच्या दुपटीच्या आसपास. हजारो लोक रात्रभर पावसात, चिखलात चालतात, त्यांतले कितीतरी अनवाणी. माझी आई वर्षानुवर्षे गेली. कुणी तिच्या छातीवर नंबर लावला नाही, की उजाडायच्या आत आली नाहीस म्हणून फेरी धरणार नाही असं महादेवानेही कळवलं नाही. पण आमची ही दहा किलोमीटरची शर्यत. तिला अडीच तासांची मुदत.

सुरुवातीचं फार सांगत नाही. अंजनेरीच्या बाजूला एका रिसॉर्टचं लॉन, पहाटेची थंडी, माइकवर ओरडणारा एक मुलगा आणि त्या ओरडण्यावर झुंबा. मग शिट्टी. पहिला चढ संपायच्या आत सगळे जण माझ्या पुढे गेले आणि मागे उरला फक्त एक कॉलेजचा पोरगा. मला वाटलं, चला, एक तरी आपल्या मागे आहे. तर तो स्वीपर निघाला. शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे राहायचं आणि वाटेवरच्या खुणेच्या फिती काढत यायचं, हे त्याचं काम. मी थांबलो की तो थांबे, मी पळालो की तो चाले.

दुसरं टेकाड उतरलो तर समोर भाताची खाचरं. दिवाळी नुकतीच झालेली, सोंगणी चाललेली, कापलेल्या भाताच्या पेंढ्या बांधालगत वाळत टाकलेल्या. बांधावर एक आजोबा बसलेले. अंगात बंडी, डोक्याला मफलर आणि हातात केशरी फितींचा हा एवढा गुंता. शेजारी शेळी. तिच्या तोंडातून वीतभर फीत लोंबत होती आणि आजोबा ती हळूहळू बाहेर ओढत होते. शेळी दात सोडेना. शेवटी लाळेने चिकट झालेली फीत सुटली, ती त्यांनी धोतराला पुसून गुंत्यात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच का ते?"

"कोण?"

"येवढी माणसं गेली, पन येक जन थांबला नाय. हाका मारल्या तर हात हलवून टाटा करीत्यात. तुम्ही निवांत दिसता. बसा."

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यांनी बांधावरची जागा हाताने झाडली. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाने जागा झाडली की बसावं लागतं, मग मुदत काही का असेना. बसलो. स्वीपर दहा पावलांवर उभा राहून मोबाइल बघू लागला.

"हे प्लाष्टिक कोनी बांधलं?"

"आयोजकांनी."

"शेळीच्या पोटात गेलं म्हंजी? तिच्या पोटात दोन हायेत." हे त्यांनी एवढ्या जरबेने विचारलं की मीच रात्री येऊन करवंदीच्या जाळीला फिती बांधून गेलो असं मला वाटायला लागलं. मग त्यांनी काठीने पेंढ्या दाखवल्या. बांधावरून वाट निमुळती, म्हणून पुढचे गडी सरळ पेंढ्यांवरून गेले होते. ओंब्या चिरडलेल्या, दाणे मातीत आणि मातीत बुटांचे ठसे. ते नक्षीदार, खोल दातांचे, आठ-दहा हजारांचे ट्रेलचे बूट! मी वाकून पाहिलं. एक ठसा मेहुण्याच्या बुटाचा असावा, असा मला अजूनही दाट संशय आहे.

"याचं कोन देनार?"

"मी सांगतो त्यांना."

"कितीला पडतं हे पळनं?"

अठराशे म्हणालो. आजोबांनी आकडा मनात दोनदा फिरवून पाहिला. "तुम्हाला भेटत्यात?"

"नाही, आपण द्यायचे."

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "आमच्या हरसूलकडची ती कविता राऊत. ती पळाली तं मेडल आनती."

खरंच होतं. हरसूलजवळच्या सावरपाड्याची मुलगी, २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. तीही दहा किलोमीटरच धावली होती हे मला त्या क्षणी आठवलं आणि ते मी मनातच ठेवलं. "मेडल आम्हालापण मिळतं," मी म्हणालो.

"कोनाला? पयल्या नंबराला?"

"पूर्ण केलं की सगळ्यांना."

"सगळ्यांनाच?"

"हो."

"मंग पळता कशाला?"

याला उत्तर नाही. तुमच्याकडे असलं तर मला कळवा. मी आपला शहाणपणा करून मेहुण्याकडून ऐकलेला इतिहास सांगायला लागलो. म्हटलं, आजोबा, हे फार जुनं आहे. अमेरिकेत डोंगरातून शंभर मैलांची घोड्यांची शर्यत असते. तिथे एका माणसाचा घोडा लंगडला. तर पुढच्या वेळी, १९७४ साली, तो घोड्यांच्या शर्यतीत स्वतःच पळत गेला. एकशे साठ किलोमीटर, चोवीस तासांच्या आत! त्यातून हे खूळ वाढलं.

आजोबांनी लक्ष देऊन ऐकलं. स्वीपरही मोबाइल खिशात घालून जवळ आला होता.

"घोड्याचं काय झालं?"

"अं?"

"घोडा. लंगडला म्हनता. पाय बरा झाला का?"

मेहुण्याने घोड्याचं पुढे काही सांगितलं नव्हतं. या खेळावर बोलणारे लोक तासन् तास बोलतात, कुणाच्या बुटाचा तळ किती मिलिमीटर आणि कोणतं एनर्जी जेल किती किलोमीटरला खायचं, पण त्या घोड्याचं नाव काढत नाहीत. "बरा झाला असेल," मी म्हणालो.

"आसंल म्हंजी?" आजोबा चिडले. "मालक रानोमाळ पळत सुटला आन् जनावराला कोन बघीत व्हतं? बैलाचा पाय मोडला तं आमी काय नांगराला बसतो व्हय?" मग स्वीपरकडे वळून, "ए, ती शेळी चालली बघ, आन तिला," असा हुकूम. तो बिचारा दुसरीकडे बघायला लागला, तर त्याला पुन्हा हाक. तो गेला, शेळी लांब पळाली. आजोबांचं लग्न बहात्तरच्या दुष्काळात कसं झालं, वऱ्हाडाला मिलो ज्वारीच्या भाकरी कशा वाढल्या, हे ऐकून होईपर्यंत तो शेळी घेऊन आला आणि घामाघूम होऊन म्हणाला, "काका, कट-ऑफ."

निघालो. पाठीमागून हाक आली, "साहेबाला सांगा, पाच पेंढ्या!"

शेवटचा उतार मी खरोखर पळालो. चढाला दम लागतो, तो पाच मिनिटांत जातो. उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन अडवून धरतात, आणि त्याचा हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघतो. आज मी कमोडवर बसायला नळाचा आधार घेतो. नळ हलायला लागला आहे.

मुदतीनंतर चार मिनिटांनी पोचलो. टेबलावरच्या मुलीने यादी पाहिली, स्वीपरकडे पाहिलं आणि पदकांचं खोकं टेबलाखाली सरकवलं. खोक्यात पदकं होती. मी मोजली नाहीत, पण तळ दिसत नव्हता. "सॉरी सर, कट-ऑफ." मी म्हटलं, मला वाटेत शेतकऱ्याने थांबवलं, त्यांचं नुकसान झालंय. ती म्हणाली, परवानग्या सगळ्या घेतल्या आहेत सर. कुणाच्या? ते तिला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते फोटो काढत होते. पेंढ्या तुडवत गेलेल्यांच्या गळ्यात पदक, आणि बांधाच्या मालकाचं ऐकून घेणारा तेवढा बाद. पदकाच्या एका बाजूला 'निसर्गाशी नातं' असं छापलेलं, हेही मी मेहुण्याच्या गळ्यात वाचलं.

मिसळ संपली होती. नाशकात! रविवारी सकाळी! तर्री नव्हती, मटकी नव्हती. परातीत फरसाणाचा चुरा आणि चार पाव. मेहुणा दुसरी प्लेट संपवत म्हणाला, "दाजी, जिलबी आहे बघा एक."

यादीसोबत काल एक फॉर्मही आला, 'आपला अभिप्राय द्या'. मी चष्मा लावून बसलो. फिती, गाभण शेळी, चिरडलेल्या ओंब्या, पाच पेंढ्या, सगळं सविस्तर लिहिलं. मिसळीचाही एक परिच्छेद झाला. पाठवायला गेलो तर 'पूर्ण केल्याची वेळ' हा रकाना लाल. ती भरल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही. शून्य टाकलं, चालेना. 'डीएनएफ' टाकलं, म्हणे फक्त आकडे लिहा. म्हणजे ज्याची तक्रार आहे त्यालाच ती करता येऊ नये अशी सोय. शेवटी वैतागून आजोबांच्या लग्नाचं साल टाकलं, बहात्तर. लगेच घेतलं.

क्षणात उत्तर आलं. बहात्तर मिनिटांत दहा किलोमीटर पूर्ण केल्याबद्दल माझं हार्दिक अभिनंदन, आणि माझ्यासारख्या वेगवान धावपटूला पुढच्या वर्षीच्या एकवीस किलोमीटरसाठी दहा टक्के सूट. पेंढ्यांबद्दल एक अक्षर नाही. सूट रविवारपर्यंतच आहे.