६ ने भागून मूळ संख्या ओळखता येत नाही हो!

घरच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. "मूळ संख्या ओळखा फक्त ५ सेकंदांत!!" ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कुठल्याही संख्येला ६ ने भागा, बाकी १ किंवा ५ आली की मूळ, नाहीतर संयुक्त, वर्गमूळाची जुनी पद्धत विसरा. शिवाय १ ही पहिली मूळ संख्या, २ सम आहे म्हणून ती मूळ नाही, आणि शास्त्रज्ञांना शेवटची मूळ संख्या सापडलीये. इतके दिवस दुर्लक्ष केलं, पण भाचीने ९१ च्या पुढे ठोकून 'मूळ' लिहिलं आणि वर मलाच विचारते, मामा तुला ट्रिक माहीत नाही का. म्हटलं आता लिहायलाच हवं.

९१ म्हणजे ७ × १३. ६ ने भागून बघा, पंधरा सक नव्वद, बाकी १. झाली की नाही ट्रिकप्रमाणे मूळ! ४९ ला बाकी १, ७७ ला बाकी ५, १४३ ला बाकी ५, १६९ ला बाकी १, आणि यातली एकही मूळ नाही. मेसेजमध्ये उदाहरणं दिलीयत ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३. छान. पण यांच्यामध्ये ५५ आणि ६५ पण ट्रिकमध्ये बसतात ना, त्या कुठे गेल्या? ज्याने हे लिहिलं त्याला दिसल्या असणारच, कारण नेमक्या त्याच दोन गाळल्यात.

आता नाइलाजाने मान्य करतो, यात अर्धं खरं आहे. ३ पेक्षा मोठ्या प्रत्येक मूळ संख्येला ६ ने भागलं की बाकी १ किंवा ५ च येते. कारण साधं आहे, बाकी ०, २ किंवा ४ आली तर संख्या सम, ३ आली तर तिला ३ ने भाग जातो, मग उरतं काय, १ आणि ५. पण हे उलटं फिरवता येत नाही राव! प्रत्येक कावळा काळा असतो म्हणून काळं दिसेल ते कावळा नसतं. ६ ने भागून तुम्ही फक्त एवढंच तपासलं की संख्येला २ आणि ३ ने भाग जात नाही. ५, ७, ११, १३ यांच्याकडे बघितलंच नाही. त्यामुळे ३ च्या पुढे ट्रिक 'संयुक्त' म्हणाली तर विश्वास ठेवा, 'मूळ' म्हणाली तर अजिबात नको.

किती चुकते तेही मोजू. ५ ते १००० मध्ये बाकी १ किंवा ५ येणाऱ्या संख्या आहेत ३३२. १००० पर्यंत मूळ संख्या एकूण १६८, त्यातल्या २ आणि ३ या यादीत येतच नाहीत, म्हणजे राहिल्या १६६. ३३२ च्या बरोब्बर निम्म्या! म्हणजे ट्रिकने ज्यांना 'मूळ' म्हटलं त्यातल्या अर्ध्या चूक, आणि पुढे मूळ संख्या विरळ होत जातात त्यामुळे ती अजूनच जास्त चुकते.

आणि जरा विचार करा, दोन बाक्या बघून काम होत असतं तर मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी आयआयटी कानपूरमध्ये डोकं कशाला शिणवलं असतं? कुठलीही संख्या मूळ आहे का हे खात्रीने सांगणारी, आणि संख्या कितीही अंकी असली तरी वेळ हाताबाहेर जाऊ न देणारी, कुठल्याही सिद्ध न झालेल्या गृहीतकावर न टेकलेली पद्धत जगाला पहिल्यांदा त्या तिघांनी दिली, तीही २००२ मध्ये. त्यांचा पेपर २००४ ला अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये छापून आला. आणि इथे म्हणे ५ सेकंद.

सगळ्यात राग आला तो "वर्गमूळाची पद्धत विसरा" याचा, कारण मुलांच्या कामाची तीच आहे. १४३ घ्या. ती दोन संख्यांचा गुणाकार असेल तर दोन्ही १२ पेक्षा मोठ्या असूच शकत नाहीत, कारण १३ × १३ च १६९ होतात. म्हणजे एक तरी अवयव १२ च्या आत सापडायलाच हवा. म्हणून फक्त २, ३, ५, ७, ११ ने भागून बघायचं, ११ ला सापडली, ११ × १३. १०० च्या आतल्या संख्येला तर २, ३, ५, ७ एवढे चारच पुरतात. ९७ ला चौघांनीही भाग जात नाही, म्हणजे मूळ, विषय संपला. यात विसरण्यासारखं काय आहे?

बाकीचे मुद्दे पटापट. १ मूळ नाही आणि संयुक्तही नाही. मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक लागतात, १ ला एकच आहे. हां, पूर्वी काही गणिती १ ला मूळ धरायचे, गोल्डबाखने १७४२ च्या पत्रात धरलंय, पण तसं केलं तर १२ = २ × २ × ३ ही एकच फोड राहत नाही, मागे हवे तेवढे १ चिकटवता येतात, म्हणून १ ला बाहेर काढलं. २ चे विभाजक १ आणि २, दोनच, म्हणजे मूळ, सम असली म्हणून काय झालं. मला वाटतं हे दोन्ही घोळ त्या ट्रिकमधूनच आलेत: १ ला भागलं की बाकी १, म्हणून मूळ, २ ला बाकी २, म्हणून बाद. मग ३ ला पण बाकी ३ येते, तिचं काय करायचं ते मात्र लिहिलेलं नाही!

आणि "शेवटची" मूळ संख्या नाहीच आहे. २०२४ मध्ये सापडली ती आजवर माहीत असलेल्यांत मोठी, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, तिच्यात ४ कोटी १० लाखांवर अंक आहेत. मूळ संख्या संपत नाहीत हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास दाखवून ठेवलंय. तुमच्या यादीतल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, १ मिळवा, आता यादीतल्या कुणानेही भागा, बाकी १ च येणार. म्हणजे ती संख्या एकतर स्वतः मूळ, किंवा यादीत नसलेल्या एखाद्या मूळ संख्येने तिला भाग जातो. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१, आणि ती आहे ५९ × ५०९, दोन्ही यादीबाहेरच्या. ६ ने भागलं तर बाकी १ येते हो तिलाही.