चौकात आधी पेटी पोहोचते

गेले दीड वर्ष मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेत आणि तीन वर्षांच्या मुलाला पाळणाघरात नवी मुंबईतल्या नेरूळच्या रस्त्यांवरून कार्गो सायकलने सोडते आहे. सोसायटीच्या फाटकाशी कोणी ना कोणी रोज विचारतेच, "ताई, एवढ्या गाड्यांमध्ये मुलांना घेऊन जाताना भीती नाही वाटत?" प्रश्न काळजीपोटी विचारलेला असतो आणि तो योग्यही आहे, पण त्याचे उत्तर फाटकावर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे. भीती वाटते. मात्र ती नेमकी कशाची वाटायला हवी, हे समजायला मला बरेच महिने लागले.

आधी सायकलीविषयी थोडे. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त आम्ही तीन वर्षे नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात होतो. तिथे जुनी घेतलेली ही सायकल परतताना घरसामानाबरोबर आणली. डच भाषेत तिला 'बाकफिट्स' म्हणतात. बाक म्हणजे पेटी आणि फिट्स म्हणजे सायकल. हँडल आणि पुढचे लहान चाक यांच्या मध्ये लाकडी पेटी असते, पेटीत बाकडे असते आणि हँडलची हालचाल पेटीखालून गेलेल्या एका दांड्याने चाकापर्यंत पोहोचते. मुले जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर आणि सतत माझ्या नजरेसमोर बसतात. याच कुळातली तीनचाकी पेटीची सायकल कोपनहेगनच्या क्रिस्तियानिया वस्तीत १९८४ साली तयार झाली. तीन चाके अधिक सुरक्षित असतील असे आपल्याला वाटते, आणि उभी असताना ती खरोखरच स्थिर असते. पण वळताना ती दोनचाकीसारखी आत झुकत नाही, त्यामुळे वेगात वळवली तर आतल्या बाजूचे चाक उचलले जाऊन ती कलंडू शकते. पाण्याचे जार नेणाऱ्या तीनचाकीचे चालक वळणावर वेग किती कमी करतात, ते एकदा लक्ष देऊन पाहावे.

मुलांना सायकलवरून नेणे आपल्याला काही नवीन नाही. माझ्या उजव्या टाचेवर आजही अर्धचंद्रासारखा व्रण आहे. पाच वर्षांची असताना बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले होते आणि पाय मागच्या चाकाच्या आऱ्यांत गेला होता. असा व्रण असणारे निदान एक तरी माणूस बहुतेक घरांत सापडेल. त्या काळी मूल दांडीवरच्या छोट्या सीटवर बसे किंवा कॅरिअरवर बसून वडिलांचा शर्ट धरून ठेवी, आणि त्याला सुरक्षित ठेवणारी गोष्ट म्हणजे त्याच्या दोन मुठी. पेटीची सायकल मला आवडते ती याच कारणाने, की तिथे पाय, ओढणी किंवा दप्तराचा पट्टा चाकापर्यंत पोहोचतच नाही. ज्यांच्या सायकलवर मूल मागे बसते, त्यांनी चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी आणि पाय ठेवायला बंदिस्त जागा असल्याशिवाय मुलाला बसवू नये.

पट्ट्याच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा लावल्याशिवाय सायकल हलत नाही, मग अंतर वाण्याच्या दुकानापर्यंतचे का असेना. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे, कानांखाली पट्ट्यांचा नीट कोन आणि हनुवटीखाली एखादे बोट जाईल एवढीच सैल जागा. एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही: बागेत पोहोचल्यावर मुलाने घसरगुंडीकडे धाव घेण्यापूर्वी हेल्मेट काढलेच पाहिजे, कारण खेळण्याच्या दोन गजांमध्ये हेल्मेट अडकले तर मूल हनुवटीच्या पट्ट्याला लटकते. युरोपात अगदी लहान मुलांच्या हेल्मेटसाठी ईएन १०८० हे वेगळे मानक आहे, ते यासाठीच. त्यातला पट्टा विशिष्ट ताण आल्यावर आपोआप सुटतो. तान्ह्या बाळाविषयी माझे मत स्पष्ट आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षाखालील मुलाला सायकलवर बसवू नये असे सांगते. नेदरलँड्समध्ये याहून लहान बाळे पेटीत दिसतात आणि बहुतेकांच्या डोक्यावर हेल्मेट नसते, हे मी पाहिलेले आहे. पण तिथे सायकलचा रस्ता मोटारींपासून वेगळा असतो आणि डांबर सपाट असते. आपल्या गतिरोधकांवर आणि पेव्हर ब्लॉकवर बसणारे धक्के मान न सावरलेल्या बाळाने सोसण्यासारखे नाहीत.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. पहिल्याच महिन्यात सायकल रस्त्यात नव्हे, तर आमच्या इमारतीच्या खाली उभी असताना कलंडली. पार्किंगमधला उतार डोळ्यांना दिसतही नाही एवढा आहे. मी स्टँड लावला, पण तो पूर्ण मागे जाऊन बसला आहे की नाही ते पाहिले नाही. मुलगी एका बाजूने पेटीच्या काठावर पाय देऊन चढली, सगळा भार तिकडे गेला, स्टँड घसरला आणि चाळीस किलोंची सायकल हळूहळू, अगदी दिसत असताना, माझ्या हातांतून निसटून आडवी झाली. मुलीच्या कोपराला खरचटले, एवढ्यावर निभावले. मुलगा तेव्हा पेटीत नव्हता. त्या दिवसापासून क्रम ठरला आहे: स्टँड लावायचा, सायकल हलवून पाहायची, ब्रेक दाबून धरायचा, मी हँडल पोटाशी टेकवून उभी राहायचे आणि मगच मुलांनी चढायचे, आधी मोठीने, मग धाकट्याने. उतरताना क्रम उलटा. मुले सायकलमध्ये असताना मी सायकल सोडून एक पाऊलही जात नाही, फाटकावर कुरिअर घ्यायलासुद्धा नाही. सगळी काळजी रस्त्यासाठी राखून ठेवणाऱ्या पालकांना माझे हेच सांगणे आहे की उभ्या सायकलीचा धोका कमी समजू नये.

आणि आता रस्ता. पाम बीच मार्गावर, म्हणजे वाशी ते बेलापूर त्या सरळ, वेगवान रस्त्यावर, मुलांना घेऊन मी कधीही जात नाही, चार मिनिटे वाचत असली तरी. सुदैवाने नवी मुंबई सेक्टरांत आखलेली आहे. एका सेक्टरच्या आतल्या गल्ल्यांतून दुसऱ्या सेक्टरच्या आतल्या गल्ल्यांत जाता येते आणि मोठा रस्ता फक्त ओलांडावा लागतो. शिवाय खाडीलगतची ही जमीन जवळपास सपाट आहे, त्यामुळे मोटर नसलेली सायकलही दोन मुलांसह ओढता येते. उजवीकडे वळायचे असेल तर मी रस्त्याच्या मध्यावर थांबत नाही; डावीकडेच उतरून, सायकल हातात धरून पादचाऱ्यांबरोबर ओलांडते.

पण खरी भीती आहे ती आतल्या गल्लीच्या कोपऱ्याची. माझे डोळे आणि पुढचे चाक यांच्यात जवळजवळ दोन मीटरचे अंतर आहे. कोपऱ्यावर टेम्पो किंवा मोटार उभी असली की पलीकडचा रस्ता दिसण्यासाठी मला पुढे यावे लागते, आणि मी पुढे येईपर्यंत मुलांची पेटी रस्त्यात आलेली असते. चौकात मुले माझ्या आधी पोहोचतात. गेल्या पावसाळ्यात एका कोपऱ्यावर असाच टेम्पो उभा होता. मी थांबून घंटी वाजवली, चालण्याच्या गतीने पुढे आले, आणि उलट्या दिशेने आलेली एक स्कूटर पुढच्या चाकाला घासून निघून गेली. मडगार्ड वाकले. स्कूटरच्या फूटबोर्डवर साधारण माझ्या मुलाच्याच वयाचे एक मूल उभे होते, उघड्या डोक्याने, आरशाच्या दांडीला धरून. दोन्ही मुलांनी एकमेकांकडे पाहिले, हे मला स्पष्ट आठवते. आता अशा प्रत्येक कोपऱ्यावर मी खाली उतरते, पेटीच्या बाजूला चालत जाते, डोकावते आणि मगच सायकल पुढे ढकलते. दोन किलोमीटरच्या वाटेत असे चार कोपरे आहेत. त्यांतल्या तिसऱ्या कोपऱ्याशी मुलगी न विचारताच सांगते, "आई, टेम्पो आहे."

त्या स्कूटरवरच्या मुलाविषयी मला राग नव्हे, काळजी वाटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवरून नेताना त्याला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, त्याच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची कमाल वेगमर्यादा ठरवण्यात आली. १५ फेब्रुवारी २०२३ पासून ती लागू आहे. तसा पट्टा लावलेले मूल मी नेरूळमध्ये अजून पाहिलेले नाही. सायकलला हा नियम लागू होत नाही, म्हणून सायकलवाल्या पालकांनी तो पाळू नये असे मात्र नाही.

वेगाचे गणित साधे आहे. सायकल, दोन मुले, दप्तरे आणि मी मिळून सव्वाशे किलोंहून अधिक वजन होते. ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ ऐवजी २५ किलोमीटरने गेले तर ते जवळजवळ पावणेतीनपट होते. म्हणून मुले असताना मी पंधराच्या वर जात नाही. रिमला रबर घासणारे ब्रेक पावसात घसरतात. माझ्या सायकलचे ब्रेक चाकाच्या तुंब्यात बंद आहेत, आणि नवी सायकल घेणाऱ्याने डिस्क किंवा असे बंद ब्रेकच पाहावेत. रस्त्यावर पाणी साचले असेल त्या दिवशी आम्ही सायकल काढत नाही, कारण पाण्याखालचा खड्डा किंवा उघडे झाकण दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पेटीवरचे प्लास्टिकचे छत मी काढूनच ठेवते, आत भट्टी होते.

फॅब्रिकेटरकडून साध्या सायकलला पेटी जोडून घ्यावी का, असे तीन जणांनी मला विचारले. सामानासाठी खुशाल घ्यावी, मुलांसाठी घेऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारी यंत्रणेने तिथल्या एका मोठ्या कंपनीला कार्गो सायकलींची विक्री थांबवायला आणि विकलेल्या सायकली परत घ्यायला लावल्या, कारण काहींच्या फ्रेम तुटत होत्या. सायकलींच्या देशात, कारखान्यात बनलेल्या फ्रेमची ही गत होऊ शकते, तर अंदाजाने मारलेल्या वेल्डिंगवर मुलाला बसवणे मला पटत नाही. मी दर महिन्याला जोडांवरचा चिखल पुसून, रंगाला बारीक तडा गेला आहे का ते टॉर्च लावून पाहते.

महापालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे माझे मागणे लहान आहे. चौकाजवळ आणि वळणावर वाहन उभे करायला नियमाने आधीच बंदी आहे. आमच्या सेक्टरमधल्या त्या चार कोपऱ्यांवर प्रत्येक बाजूला पाच मीटर जागा खांब रोवून मोकळी ठेवावी. त्याचा लाभ पेटीतल्या दोन मुलांपेक्षा चालत शाळेत जाणाऱ्या शेकडो मुलांना होईल, कारण उभ्या टेम्पोआडून त्यांनाही काही दिसत नाही आणि तीही कोणाला दिसत नाहीत. याचा अर्ज मी तयार केला आहे. सेक्टरमधल्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी कळवावे.

आणि ज्यांना सायकल चालवून पाहायची आहे त्यांनी रविवारी सकाळी सातच्या आधी आमच्या फाटकाशी यावे. मीही पहिले दोन आठवडे असेच शिकले होते: पेटीत पंधरा-पंधरा किलोंच्या तांदळाच्या दोन गोण्या ठेवून, त्यांना पट्टे लावून.